शेवटच्या आजारातील रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना आध्यात्मिक आधार कसा द्यावा : खान्देशातील नव्या कार्यकर्त्यांसाठी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत असे अनेक रुग्ण आहेत, ज्यांचा रोग बरा करणारा उपचार आता उरलेला नाही. कोणी कर्करोगाने, कोणी मूत्रपिंडे निकामी झाल्याने, तर कोणी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले असते. मुंबईच्या टाटा रुग्णालयातून किंवा नाशिकहून ‘आता घरी न्या’ असे ऐकून परतलेल्या माणसाच्या हाती गोळ्यांची चिठ्ठी असते, परंतु हे माझ्याच वाट्याला का आले, मी गेल्यावर घरच्यांचे काय होईल आणि माझ्या जगण्याला काही अर्थ होता का, हे प्रश्न कोणापुढे मांडायचे हे त्या चिठ्ठीत लिहिलेले नसते. हा लेख त्या प्रश्नांजवळ बसू इच्छिणाऱ्या आशा कार्यकर्त्या, परिचारिका, नवे स्वयंसेवक आणि भजनी मंडळातील मंडळी यांच्यासाठी आहे.

या कामाचा पाया एकच आहे. रुग्णाच्या मनात जी श्रद्धा किंवा जगण्याचा जो अर्थ आधीपासून आहे, तो ओळखायचा आणि त्याला बळ द्यायचे. आपली श्रद्धा त्याच्या घरात नेऊन ठेवायची नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या यातूनच निघतात.

पहिली पायरी : आधी शरीराची वेदना

लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स यांनी ‘संपूर्ण वेदना’ ही कल्पना मांडली. शरीराचे दुखणे, मनाची घालमेल, घराची व पैशांची चिंता आणि आध्यात्मिक तळमळ ही चार दुखणी वेगवेगळी राहत नाहीत, एक वाढले की बाकीची वाढतात, असे त्यांचे म्हणणे होते. भारतात १९८६ मध्ये मुंबईत शांती अवेदना सदन सुरू झाले आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारातील त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या, व्याख्येत आध्यात्मिक दुःखाचा उल्लेख केला.

व्यवहारात याचा अर्थ असा की वेदनेने तळमळणाऱ्या माणसापुढे हरिपाठ सुरू करणे ही सेवा नव्हे. खाटेजवळ गेल्यावर पहिला प्रश्न दुखण्याचा, झोपेचा, उलटीचा आणि शौचाचा असावा, आणि वेदना आटोक्यात नसेल तर त्या दिवशीचे तुमचे काम म्हणजे परिचारिकेला किंवा डॉक्टरांना तातडीने कळवणे. मॉर्फिन सुरू झाले म्हणजे शेवट आला, किंवा त्याचे व्यसन लागेल, ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे. योग्य मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेले मॉर्फिन रुग्णाला शांतपणे बोलण्याइतका आराम देते, आणि अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाल्यानंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते मिळवणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. ही माहिती घरच्यांना देणे हेही आध्यात्मिक सेवेचेच अंग आहे, कारण ‘हे भोग भोगलेच पाहिजेत’ असे मानून औषध नाकारणारी घरे मी पाहिली आहेत.

दुसरी पायरी : जाण्यापूर्वीची तयारी

रुग्णाला आजाराविषयी किती माहिती आहे, घरात निर्णय कोण घेते, बोलीभाषा कोणती आणि कोणत्या वेळी रुग्ण जागा व ताजातवाना असतो, एवढे परिचारिकेकडून किंवा आशाताईंकडून समजून घ्यावे. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी घरात फक्त म्हातारी माणसे आणि लहान मुले असतात. एकान्तात बोलायचे असेल तर ती वेळ चांगली, परंतु मुलगा-सुनेशी बोलायचे असेल तर संध्याकाळीच जावे. स्त्री-रुग्णाकडे स्त्री-स्वयंसेविकाच जाईल असे पाहावे, कारण सासरे किंवा जेठ ओट्यावर बसलेले असताना कोणतीही सून मनातले बोलणार नाही.

भाषेचा प्रश्न मोठा आहे. रुग्णाला प्रमाण मराठी कळत असली तरी दुखणे अहिराणीत, लेवा गणबोलीत, पावरीत किंवा भिलीतच बोलले जाते. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर जाताना गावातीलच एखादी जाणती व्यक्ती सोबत घ्यावी आणि घरातील शाळकरी मुलाला दुभाषा कधीही करू नये, कारण आजोबांच्या मरणाची भीती त्याच्या तोंडून वदवून घेणे हा त्या मुलावर अन्याय आहे.

स्वतःच्या मनाचीही तयारी लागते. आपण वारकरी असू, निरीश्वरवादी असू किंवा एखाद्या बैठकीला नित्य जाणारे असू; घराच्या उंबऱ्यात शिरण्याआधी स्वतःशी एवढे ठरवावे की आज कोणाला काही पटवून द्यायचे नाही. कीर्तन-प्रवचनाची सवय असलेल्या मंडळींना हे सर्वांत अवघड जाते, म्हणून त्यांनी पहिल्या काही भेटी अनुभवी कार्यकर्त्यासोबत, मुख्यतः ऐकण्यासाठीच कराव्यात.

तिसरी पायरी : पहिली भेट

खाटेशेजारी रुग्णाच्या नजरेच्या पातळीला येईल असे बसावे, उभ्याने बोलू नये. आप्पा, नाना, जिभाऊ, अक्का, माय असे घरात ज्या नावाने हाक मारतात तीच हाक विचारून घेऊन वापरावी. ‘कसं शे आते, आप्पा?’ एवढ्याने सुरुवात झाली तरी पुरते. घरच्यांनी केलेला चहा नाकारू नये. त्या कपाभोवतीच घरातील माणसे मोकळी होतात. पहिली भेट अर्ध्या तासाच्या आत आटोपावी आणि निघताना पुन्हा येऊ का, असे रुग्णालाच विचारावे. बहुतेक गोष्टींतला निर्णय त्याच्या हातून गेलेला असतो. हा एक तरी त्याच्याकडे राहू द्यावा.

श्रद्धेविषयी विचारण्यासाठी अमेरिकेतील डॉ. क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी १९९० च्या दशकात तयार केलेली चार भागांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्यात श्रद्धा कोणती, तिचे जगण्यात महत्त्व किती, सोबतीला समाज कोणता आणि उपचारांत तिला जागा कशी द्यावी, हे विचारले जाते. ती कागदावर घेऊन एकामागून एक विचारली तर जनगणनेसारखी वाटेल. आपल्याकडे हेच असे विचारता येते: ‘जीव घाबरतो तेव्हा कशाने बरे वाटते?’, ‘कोण आले की आनंद होतो?’, ‘दर वर्षी कुठे जात होता, सप्तशृंगीगडावर, मुक्ताईनगरला, प्रकाशाला?’, ‘आमच्याकडून काय केलेले आवडेल, आणि काय अजिबात करू नये?’ शेवटच्या प्रश्नाचे उत्तर वहीत त्याच दिवशी लिहून ठेवावे.

देवाचे नाव न घेणाऱ्या माणसालाही आध्यात्मिक गरज असते. चाळीस वर्षे केळीची बाग सांभाळलेल्या शेतकऱ्याला शेवटची एकदा बांधावर जायचे असते, निवृत्त शिक्षकाला जुना विद्यार्थी भेटायला हवा असतो. बाजेवर घालून, रिक्षात बसवून किंवा मोबाईलवर चित्रण दाखवून ते शक्य करावे. त्याला नामस्मरणापेक्षा कमी समजू नये.

चौथी पायरी : ऐकणे

पूर्ण लेखातील सर्वांत कठीण भाग हाच आहे, म्हणून येथे थोडे थांबतो.

‘मन्हं काय चुकनं?’ हा प्रश्न या कामात सर्वांत जास्त वेळा कानी पडतो. त्याला उत्तर देण्याची घाई करू नये. मागच्या जन्मीचे फळ, देवाची परीक्षा, प्रारब्ध ही उत्तरे ओठांवर तयार असतात आणि भेटायला येणारे दहा जण ती देऊन गेलेलेही असतात; परंतु आपल्या तोंडून ती आली की दोषी असल्याची भावना त्या माणसाच्या मनात पक्की बसते. ‘असे कधीपासून मनात येते?’ किंवा ‘कोणती गोष्ट आठवते तेव्हा असे वाटते?’ असे विचारून गप्प बसावे. बऱ्याचदा मग नेमकी गोष्ट बाहेर येते: भावाशी वाटणीवरून तुटलेले बोलणे, लेकीच्या लग्नाला न गेल्याची सल, सोसायटीचे न फिटलेले कर्ज, तंबाखू सोडली नाही याचा पश्चात्ताप. रुग्ण स्वतःच कर्मसिद्धान्तावर विश्वास ठेवून त्यात समाधान शोधत असेल तर त्याच्याशी वाद घालू नये. तो विश्वास त्याचा आहे. परंतु त्याच विश्वासाने तो स्वतःला जाळत असेल, तर त्याच्याच परंपरेतील क्षमेची, कृपेची बाजू सांगू शकेल असा त्याच्या ओळखीचा माळकरी, मौलाना, भन्ते किंवा पाद्री शोधून आणावा.

‘आते पुरं व्हयनं’, म्हणजे आता पुरे झाले, हे दुसरे वारंवार येणारे वाक्य. त्याचा अर्थ थकवा असू शकतो, मरणाचा शांत स्वीकार असू शकतो किंवा स्वतःला संपवण्याचा विचारही असू शकतो. कोणता, हे स्पष्ट विचारावे; विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. आत्महत्येचा विचार असल्याचे दिसल्यास रुग्णाला एकटे सोडू नये, कीटकनाशके आणि औषधांचा साठा हाताबाहेर ठेवावा, डॉक्टरांना लगेच कळवावे आणि शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक घरच्यांना द्यावा.

राहिलेल्या गोष्टी पुऱ्या करणे हा या सेवेतील सर्वांत फलदायी भाग आहे. चैत्रात सप्तशृंगीगडावर पायी जाण्याचा किंवा यावल तालुक्यातील मनुदेवीला जाण्याचा नवस राहून गेला असेल, तर घरातील कोणी तो रुग्णाच्या वतीने फेडावा का, हे रुग्णाला आणि त्याच्या पुरोहिताला किंवा घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे; बहुतेकदा होकार मिळतो आणि प्रसाद हाती आल्यावर चेहऱ्यावरचा ताण उतरलेला सर्वांना दिसतो. अबोल्यातील भावाला बोलावण्याचे काम मात्र जपून करावे. दुसऱ्या बाजूची तयारी आधी पाहावी, भेटीत जमिनीचा विषय काढायचा नाही असे दोघांकडून ठरवून घ्यावे, आणि भाऊ येण्यास तयार नसेल तर रुग्णाला खोटी आशा दाखवू नये. अशा वेळी रुग्ण जे बोलू इच्छितो ते लिहून घेता येते. क्षमा मागितली जाणे महत्त्वाचे असते. ती मिळणे आपल्या हाती नसते.

पाचवी पायरी : ज्याचा त्याचा पंथ

खान्देशात एका गल्लीत चार पंथांची घरे असतात, तेव्हा आडनावावरून अंदाज बांधू नये. वारकरी घरात हरिपाठ आणि तुळशीची माळ, स्वामिनारायण संप्रदायातील घरात त्यांचे स्वतःचे नामस्मरण, महानुभाव घरात पंचकृष्णांचे स्मरण. महानुभावांकडे इतर देवतांचा अंगारा वा प्रसाद नेऊ नये. बौद्ध रुग्णाजवळ त्रिशरण-पंचशील म्हणता येते, परंतु ‘आत्म्याला शांती लाभो’ अशी वाक्ये टाळावीत, कारण त्यांच्या धम्मात आत्म्याची कल्पना नाही. मुस्लीम रुग्णाचा चेहरा किब्ल्याकडे, म्हणजे आपल्याकडून साधारण पश्चिमेला, वळवण्यास मदत करावी. कलमा हळू आवाजात जवळच्या माणसाने म्हणावा, रुग्णाला पुन्हा पुन्हा म्हणायला लावू नये. जैन घरात नवकार मंत्र म्हटला जातो आणि सूर्यास्तानंतर काही न घेण्याचा नियम असू शकतो, म्हणून औषधांच्या वेळा डॉक्टरांशी बोलून बसवून घ्याव्यात. संथाऱ्याचा, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण स्वीकारण्याच्या व्रताचा, विषय निघाल्यास आपण होकार-नकार काही देऊ नये. तो रुग्ण, त्याचे गुरू आणि कुटुंब यांचा विषय आहे आणि डॉक्टरांना त्याची कल्पना असावी. नवापूर भागातील ख्रिस्ती कुटुंबांत पाद्री व मंडळी प्रार्थनेसाठी येतात; त्यांची वेळ आणि आपली वेळ एकमेकांत येऊ देऊ नये. सातपुड्यातील भिल्ल-पावरा घरांत पूर्वजांचे आणि याहा मोगी मातेचे स्थान मोठे आहे, तेथील विधी गावच्या जाणत्याने करावेत, आपण बाजूला बसावे.

यात एक मर्यादा आहे आणि ती ठामपणे पाळावी. कोणी भगत किंवा बाबा औषध बंद करायला सांगत असेल, डागण्या देत असेल किंवा आजाराचे खापर घरातल्या एखाद्या सुनेवर फोडत असेल, तर ती श्रद्धा नव्हे. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भांडण न करता, आधी रुग्णाचे आणि त्या सुनेचे संरक्षण होईल असे पाहून, वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे.

सहावी पायरी : ‘त्यांना काही सांगू नका’

दारातच मुलगा बाजूला घेऊन हे सांगतो. त्याला खोटारडा ठरवू नये, तो प्रेमाने आणि भीतीने बोलत असतो. ‘मी स्वतःहून काही सांगणार नाही, परंतु त्यांनी सरळ विचारले तर खोटेही बोलणार नाही’ एवढे त्याला स्पष्ट सांगावे आणि त्याला काय होईल असे वाटते ते विचारावे. बहुतेक रुग्णांना आपले दिवस कळलेले असतात. तेही घरच्यांसाठी गप्प असतात. निदान आणि आयुष्याची मुदत सांगणे हे डॉक्टरांचे काम आहे, आपले नाही. रुग्णाने ‘मी जाणार का?’ असे विचारल्यास ‘तुम्हाला काय वाटते?’ असे विचारून ऐकावे आणि त्याच्या परवानगीने डॉक्टरांशी व मुलाशी एकत्र बोलणे ठरवावे.

व्हेंटिलेटर नको, रुग्णालयात मरण नको, अशी इच्छा रुग्ण बोलून दाखवत असेल तर ती वेळीच लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा आगाऊ इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येते. आपण फक्त ही सोय असल्याचे सांगावे, मजकूर डॉक्टर आणि वकील यांच्या मदतीने व्हावा.

सातवी पायरी : शेवटचे दिवस

भूक जाते, झोप वाढते, हातपाय गार पडू लागतात, श्वासांत खंड पडतो, घशात घरघर होते. घरच्यांना हे आधीच समजावून सांगितले नाही तर शेवटच्या रात्री धावपळ होते आणि रुग्णाचा शेवट गाडीत, रस्त्यावर होतो. ‘उपाशी मरतील’ म्हणून वरणाचे पाणी तोंडात ओतणाऱ्या माउलीला सांगावे लागते की शरीरानेच आता अन्न मागणे सोडले आहे, आणि गिळता न येणाऱ्या माणसाच्या घशात ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते.

याच ठिकाणी विधी आणि वैद्यक यांची गाठ पडते. गंगेचे किंवा तापीचे पाणी आणि तुळशीपत्र मुखी घालण्याची इच्छा असेल तर ती अडवू नये: ओल्या कापसाने ओठ व जीभ भिजवावी, थेंबभर पाणी ओठांवर लावावे, तुळशीपत्र ओठांवर ठेवावे. चमच्याने ओतू नये. भुईवर घेण्याची पद्धत असलेल्या घरांत रुग्णाला उचलताना जखमा आणि हाडांचे दुखणे लक्षात घेऊन चादरीसकट चौघांनी, जमिनीवर गादी अंथरून मगच उतरवावे. ते फार त्रासाचे असेल तर खाटेखाली जमीन सारवून किंवा अंथरुणाशी तुळशीची माती ठेवून काम भागेल का, हे घरच्या पुरोहिताला आधीच विचारून ठेवावे. ऐन वेळी ही चर्चा होत नाही.

बेशुद्ध दिसणाऱ्या माणसालाही ऐकू येत असावे असे मानूनच वागावे. त्याच्या खाटेशेजारी वाटणीचे, तेराव्याच्या खर्चाचे बोलणे होऊ देऊ नये. नातवाने हात धरून नाव घ्यावे, सुरतेतला मुलगा पोहोचू शकत नसेल तर फोन कानाशी धरावा. भजन हळू आवाजात असावे, आणि रुग्णाच्या कपाळावर आठ्या पडल्या तर थांबवावे. रुग्णाला गेलेली आई, जुने सोबती दिसू लागतात आणि तो त्यांच्याशी बोलतो; तो शांत असेल तर ‘भास आहे’ असे सांगून मोडता घालू नये, काय दिसते ते विचारावे. परंतु तो घाबरत असेल, ओरडत असेल किंवा उठून पळू पाहत असेल तर तो वैद्यकीय त्रास असू शकतो आणि त्यावर औषध आहे, तेव्हा परिचारिकेला लगेच बोलवावे.

रुग्ण अतिदक्षता विभागात असेल तर तेथील नर्सला आधी भेटून पाच मिनिटांची सवलत मागावी. शांतपणे आणि नेमकी मागणी केली तर ती सहसा नाकारली जात नाही. उदबत्ती-दिवा मात्र आत नेऊ नये, कारण ऑक्सिजनजवळ ज्योत धोक्याची असते.

आठवी पायरी : गेल्यानंतर

श्वास थांबल्यावर काही वेळ कोणालाही उठवू नये. मृतदेहाला कोणी हात लावायचा, स्नान कोणी घालायचे हे त्या त्या धर्माच्या माणसांना ठरवू द्यावे. लहान मुलांना ‘आजोबा गावाला गेले’ असे सांगू नये. ते गेले, आता परत येणार नाहीत, असे साध्या शब्दांत सांगून जवळ घ्यावे.

मागे राहिलेल्या पत्नीकडे विशेष लक्ष द्यावे. बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे हे तिच्या इच्छेविरुद्ध होत असेल तर ते थांबवण्यासाठी घरातल्या एखाद्या समजदार पुरुषाला आधीच विश्वासात घ्यावे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये या प्रथेविरुद्ध ठराव केला आणि त्यानंतर राज्य शासनानेही परिपत्रक काढून ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. गावात हा दाखला उपयोगी पडतो.

दारावर येणाऱ्या मंडळींची गर्दी गंधमुक्ती आणि उत्तरकार्य या मरणानंतरच्या विधींपर्यंत असते, नंतर घर एकाएकी रिकामे होते. तुमची भेट त्यानंतरची असावी. महिन्याभराने एकदा, आणि पहिल्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आवर्जून जावे, कारण त्या दिवशी पितरांच्या घागरीत नव्या माणसाचे नाव आलेले असते, आगारी (पितरांसाठी अग्नीत घास) टाकताना लेकी-सुना रडतात आणि त्यांना गेलेल्या माणसाविषयी बोलायचे असते. झोप न लागणे, जेवण तुटणे, मी त्यांना मारले असे वारंवार म्हणणे अनेक महिने चालू राहिले तर मानसोपचाराची मदत मिळवून द्यावी.

कार्यकर्त्यासाठी

जे ऐकले ते गावात बोलायचे नाही. ओट्यावरच्या गप्पांत तर नाहीच. पैसे, साडी-चोळी, शिधा घ्यायचा नाही. एका वेळी मोजकीच घरे घ्यावीत आणि महिन्यातून एकदा सोबतच्या कार्यकर्त्यांसह बसून मनावर आलेले बोलून टाकावे. वहीत प्रत्येक भेटीनंतर चार गोष्टी लिहाव्यात: रुग्णाने वापरलेले शब्द जसेच्या तसे, वेदनेची स्थिती, ठरलेले काम आणि ते कोण करणार. तुम्ही आजारी पडलात किंवा गावाला गेलात तर दुसऱ्याला त्याच वहीवरून पुढची भेट करता आली पाहिजे, म्हणजे आप्पांना तेच दुःख पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागणार नाही.